आक्का नावाचं अक्षर

प्रिय आक्का,

आज दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक शाळेच्या नोटीस बोर्डावर लागलं. शनिवारच्या शेवटच्या तासापुढं काय लिहिलंय, तेच तुला सांगायला लिहायला बसले आहे. पण लगेच सांगणार नाही. तुला कुठलीही गोष्ट शेवटापासून ऐकायची खोड. या खेपेस थांबायचं. आता तुला कुठं घाई आहे?

"बसले आहे" असं लिहिलं बघ मी. बोलताना आपल्या कोल्हापुरी बायकांसारखं "बसलोय" म्हटलं असतं आणि तू खुदकन हसली असतीस. वर्गात मराठी शिकवणारी, पोरींच्या निबंधातलं "मी आलो" लाल शाईनं खोडून "मी आले" करणारी बाई, तुझी धाकटी बहीण. आणि संध्याकाळी दारात चपला काढताना स्वतःच "आक्का, मी आलो गं" म्हणून ओरडणारी. तुझं व्याकरण चपलांबरोबर बाहेरच राहतं, असं तू मला कितीदा चिडवलंस!

दारात अजून तसंच म्हणते. आतून उत्तर येत नाही हे कळायला रोज थोडा वेळ लागतो.

तू ऐन मे महिन्यात गेलीस. सकाळी छातीत दुखतंय म्हणालीस आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जूनमध्ये शाळा भरली, आणि पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच मी ओळखलं. वाईट वाटून घेऊ नका, पण आक्कांचा इटालियनचा तास बंद करावा लागेल, म्हणाले. शिकवायला कोणी नाही, आणि पालक कधीपासून त्या तासाला स्पोकन इंग्लिश मागतायत.

मी म्हणाले, मी घेते.

आता तूच सांग, मला त्या वेळी इटालियनमधलं काय येत होतं? एक शब्द येत होता, चाव. तोही तुझ्या पहिल्या तासाची गंमत तू घरी येऊन सांगितली होतीस म्हणून. तू सहावी-सातवीच्या वर्गात शिरून हात हलवत "चाव!" म्हणालीस आणि मागच्या बाकावरून विचारणा झाली, "कुणाला चावू, आक्का?" तिकडं भेटताना आणि निघताना असंच म्हणतात, हे सांगायला तुझा अर्धा तास गेला होता.

मुख्याध्यापक भला माणूस आहे, पण तुझ्या तासावर त्यांचा जुना राग. एकदा ते व्हरांड्यातून चालले होते आणि आतून चाळीस पोरं एका सुरात "साले! साले!" ओरडत होती. ते तरातरा आत आले. तू शांतपणे सांगितलंस की साले म्हणजे मीठ, आणि आम्ही आज स्वयंपाकघरातल्या वस्तू शिकतोय. ते तसेच बाहेर गेले, पण विसरले नाहीत. जूनमध्ये त्यांनी मला मुदत दिली ती दिवाळीपर्यंतची. सुट्टीआधी संस्थेचे अध्यक्ष स्वतः येऊन तास बघतील. पोरांना काही येतंय असं दिसलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या सत्रापासून तास बंद.

घरी आले. तुझं पुस्तक उघडलं, पहिलं पान वाचलं, मिटलं. तुझा खूप राग आला आक्का. तू मला वर्गात येऊन बस म्हणायचीस तेव्हा मी पेपर तपासायचेत असं सांगून सटकायची, हे खरं. पण तू अजून थोडा हट्ट का नाही धरलास? भाजी नीट निवडावी म्हणून धरायचीस तेवढा तरी!

तुझं आणि या भाषेचं जमलं ते तरी कसं? पुण्याला कॉलेजात जर्मनच्या वर्गात जागा उरली नाही म्हणून तू इटालियनला नाव घातलंस, आणि आप्पांना वर्षभर जर्मनच सांगत राहिलीस. परत आलीस तेव्हा कोल्हापुरात या विद्येचं करायचं काय, हे कोणालाच सुचेना. आप्पा तर म्हणाले, आता म्हशींशी बोल इटालियन. आणि मग कबनूरच्या एका कारखान्यात इटलीहून नवे माग आले. ते बसवायला तिकडचा एक फिटर आला, त्याचं बोलणं कोणाला समजेना, आणि तुला बोलावणं आलं.

त्याचं नाव पिएरो. कामगारांनी त्याचा पेरू केला. पेरूपावणं.

आणि तो कापसाचा किस्सा! तू घरी शंभरदा सांगितला असशील. तू बाहेर चहाला गेली होतीस. कारखान्यातला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आपला माणूस, पेरूपावण्याला काहीतरी मोठ्या आवाजात समजावत होता. त्याला कळेना तसा जॉबर आवाज आणखी चढवायचा. शेवटी पेरूपावण्यानं दोन्ही हात वर करून सांगितलं, "नोन कापिस्को उन आक्का!" त्यातले दोन शब्द सगळ्यांना ऐकू आले, कापूस आणि आक्का. एक जण कापूस आणायला पळाला, दुसरा तुला. तू आलीस तेव्हा तो बिचारा ओंजळभर कापूस धरून उभा होता.

मग तू सगळ्यांना समजावलंस. "कापिस्को" म्हणजे मला कळतं. आणि इंग्रजीतलं ते खुर्चीसारखं दिसणारं h आहे ना, त्याला त्याच्या भाषेत नाव आहे आक्का. ते लिहायचं, पण त्याचा उच्चार करायचा नाही. म्हणून "मला यातलं आक्कासुद्धा कळत नाही" म्हणजे काहीच कळत नाही. त्यावर जॉबर म्हणाला, "म्हंजे आक्काला तिकडं काय किंमतच न्हाय म्हणा की." हे वाक्य सांगताना तुला हसू आवरायचं नाही. मीही दर वेळी हसायची. त्यातलं व्याकरण मात्र मी कधी मनावर घेतलं नाही.

गेल्या वर्षी तुझ्याकडं शिकलेल्या पोरांनी घेतलं होतं. जूनमधल्या माझ्या पहिल्या शनिवारी मी फळ्यावर काहीबाही लिहिलं, तर पोरंच मला शिकवायला लागली. बाई, इथं आक्का पायजे. बाई, आक्का बोलायची नस्ती. बाई, लात्ते म्हणजे दूध, ध्यानात ठेवायला सोपंय, म्हस लात घालती आणि लात्ते देती. तुझ्या तासाला ही मुलं नुसता दंगा करतात असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे. दंगा करता करता केवढं डोक्यात राहिलं होतं गं त्यांच्या!

मी आठवडाभर एक धडा घोकायची आणि शनिवारी तो शिकवायची. पुढचा धडा मलाही माहीत नसायचा. एखादं पोर पुढचं विचारू लागलं की मी गृहपाठ द्यायची.

मग एका रविवारी तुझा फोन वाजला. मी अजून तो चार्ज करून ठेवते, का ते विचारू नकोस. पलीकडून "आक्का?" अशी हाक आली. पेरूपावणं. त्याला काहीच माहीत नव्हतं. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. आता तो त्याच्या गावात असतो, निवृत्त आहे, टोमॅटो लावतो. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, मुलांचं काय? मी म्हटलं, मुलांना मी शिकवते, मला येत नाही. तो म्हणाला, मग दर रविवारी मी फोन करीन.

पुढच्या रविवारी व्हिडिओ लागला, त्याचा टक्कल पडलेला चेहरा दिसला, आणि तो मोठ्यानं म्हणाला, "शालनबाई, मी आलो!"

मी त्यावर दिवसभर विचार करत होते. परदेशी पुरुष बाईकडून मराठी शिकला की "मी आले, मी गेले" असं बायकांसारखं बोलायला लागतो. हा मात्र "आलो" म्हणत होता, कारण तो शिकला तुझ्याकडून, आणि तू कोल्हापूरची. आपल्या चुकीमुळं एका माणसाचं मराठी बरोबर झालं! ही गोष्ट ऐकायला तू नव्हतीस याचं मला फार वाटतं.

पण त्याच "आलो"नं वर्गात माझा घामही काढला. इटालियनमध्ये मुलगा दमला तर "सोनो स्तांको" म्हणतो आणि मुलगी दमली तर "सोनो स्तांका". मुलांनी चटकन म्हटलं. मुली सगळ्या एका सुरात "सोनो स्तांको". मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी आफ्रिन उभी राहिली. तीच ती, कबनूरची, मामाकडं कळंब्याला राहून शिकते. शनिवारी लवकर सुटली तर तिला घरची एसटी मिळते, पण तुझ्या तासासाठी ती एसटी दर आठवड्याला चुकवते.

ती म्हणाली, "बाई, आमी दमलोच म्हणतोय की. तुमी बी काल जिन्यात दमलोच म्हणाला."

खरं होतं. म्हणाले होते मी! पूर्वी मी तिला खाली बसवलं असतं. त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: घरात दमलो, निबंधात दमले, इटालियनमध्ये स्तांका. शेतात जाताना एक चपला घालतो आणि लग्नाला जाताना दुसऱ्या, तसं. शेतातल्या चपला वाईट असतात असं नाही. आफ्रिननं जरा विचार केला, मान हलवली, आणि तेव्हापासून "स्तांका" असं ठासून म्हणते की भिंतीचे पोपडे पडावेत. तू म्हणायचीस ना, दुसऱ्याच्या घरी राहून आलं की आपल्या घरातली भांडी कुठं ठेवलीत ते नीट दिसतं. इतकी वर्षं मराठी शिकवून मला ते आता दिसलं.

अध्यक्ष आले दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी. शिरोळकडचा माणूस, ऊस, ट्रॅक्टर, दूध संस्था सगळं बघणारा. आवाज असा की शेजारचा वर्गही गप्प झाला. ते आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर कसेबसे मावले. बाईंनी मधे बोलायचं नाही, असं अध्यक्षांनी बसता बसताच बजावलं.

पोरांनी सुरुवात झकास केली. बुओनजोर्नो झालं, अंक झाले, भाज्या झाल्या. मीठ आम्ही मुद्दाम गाळलं होतं. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला. "ह्ये झालं पाठ केल्यालं. आता मी सांगतो त्ये वाक्य लिवून दावा. लिवा, शाळेला बाई हाय."

हसत म्हणाले, पण माझ्याकडं बघत म्हणाले. शाळेला बाई आहे का, हाच तर सगळा प्रश्न होता.

आफ्रिन कोणी सांगायच्या आत उठली. खडू घेतला आणि एकेक शब्द काढत गेली, मोठ्यानं म्हणत. ला स्कुओला, म्हणजे शाळा. मग आ. मग उना माएस्त्रा, एक बाई. हात झटकून ती मागं सरकली.

आणि आक्का, चुकलं होतं! त्या "आ"च्या आधी तुझं अक्षर हवं होतं. ते असलं की "आहे" होतं. ते नसलं की उरतो नुसता "ला" प्रत्यय. "शाळेला बाई आहे" याचं "शाळा बाईला" होऊन बसलं होतं. बोलताना दोन्ही अगदी सारखंच, म्हणून तिला म्हणताना काही खटकलं नाही. मला दिसत होतं आणि मला बोलायची बंदी. अध्यक्षांना इटालियन कुठं येतंय, असंही मनात आलं. पण चूक फळ्यावर ठेवून तास वाचवला, तर तो तुझा तास कसला?

मधल्या बाकावरून एक पोरगं दबक्या आवाजात म्हणालं, "आक्का." मग त्याच्या शेजारचं. मग सगळा वर्ग बाकं बडवत ओरडायला लागला, "आक्का! आक्का! आक्का!"

मुख्याध्यापक ताडकन उभे राहिले. त्यांना वाटलं, पोरगी अडली, पोरं घाबरली आणि तुला हाका मारायला लागली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तुझ्यावर रागावणारा तो माणूस हात वर करून पोरांना थांबवू लागला. "गप बसा रे पोरांनो," ते म्हणाले. "आक्का न्हाईत आता. कुठनं येतील?"

आफ्रिन फळ्याकडं वळली. दोन शब्दांच्या मधे थोडी जागा होती, तिथं तिनं ते खुर्चीसारखं अक्षर दाटीवाटीनं बसवलं.

"हाय की सर," ती म्हणाली. "ही बघा. ह्या अक्षराचं नावच आक्का हाय. बोलायचं न्हाय, पर लिवायला लागतंयच. आक्का न्हाय लिवली, तर शाळेला बाई न्हाय."

मी रडले. लपवत नाही. तू गेल्यापासून वर्गात मी एकदाही रडले नव्हते, त्या दिवशी चाळीस पोरांसमोर पदर तोंडाला लावून रडले. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत उभे राहिले. अध्यक्षांनी आफ्रिनला वाक्य वाचायला लावलं, कान देऊन ऐकलं, आणि आक्का कुठं ऐकू आली नाही अशी तक्रार केली. ती ऐकू येतच नसती, असं तिनं त्यांना शिक्षिकेच्या थाटात सांगितलं.

मग ते माझ्याकडं वळले. ह्याच्या पुढचं तुम्हाला येतंय का, असं त्यांनी विचारलं. येतं म्हणावं असं फार वाटलं. पण तुझं अक्षर समोर फळ्यावर होतं आणि मला खोटं बोलवेना.

"येत न्हाय सर," मी म्हणाले. "शिकायलोय."

शिकायलोय! मराठीची बाई, संस्थेच्या अध्यक्षांसमोर! पोरी माना खाली घालून हसल्या. अध्यक्ष उठले, नमस्कार केला आणि गेले. सगळी दिवाळी मी त्या एका शब्दावर कुढत काढली. कडबोळी बिघडली, ती तुझ्यावाचून बिघडायचीच होती म्हणा. निदान "शिकतेय" तरी म्हणायला हवं होतं, असं पेरूपावण्याला सांगितलं, तर त्याला त्यात चूक काय तेच कळेना.

तर आज सकाळी वेळापत्रक लागलं. आता वाच. शनिवार, शेवटचा तास, इयत्ता सहावी-सातवी: इटालियन, कदम बाई. म्हणजे मी!

मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. मुख्याध्यापक मागून आले. अध्यक्षांचा निरोप होता म्हणे, शिकायलोय म्हणणारी बाई दुसरीकडून कुठनं आणायची, हीच असू द्या. आणि मग घसा खाकरून म्हणाले, त्या मिठाचा शब्दही शिकवायला हरकत नाही, फक्त दार लावून घ्या. आक्का, ते तुझी आठवण काढत होते, त्यांच्या पद्धतीनं.

या शनिवारी भूतकाळ सुरू करायचा आहे. कालच पेरूपावण्यानं मला शिकवला. मी खाल्लं, तू खाल्लंस, तिनं खाल्लं, असं काही म्हणायचं झालं तर आधी तुझं अक्षर मांडावं लागतं. आधी मला हसू आलं, मग हसू टिकलं नाही. गेलेल्या दिवसांबद्दल काहीही बोलायचं तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागते, हे शिकायला मला इटालियनची काय गरज होती?

तुला एक वचन देते. पोरींच्या निबंधातलं "आलो" मी खोडत राहीन, परीक्षा आहे बाई. पण दारातलं आणि जिन्यातलं कधी खोडणार नाही. आणि फळ्यावर कोणी लिहिताना तुझं अक्षर विसरलं, तर मी सांगणार नाही. खडू खाली ठेवीन आणि गप्प उभी राहीन. दर शनिवारी कोणी ना कोणी विसरणारच, आणि सगळा वर्ग तुला हाका मारणारच.

तू ऐकत राहा.

येतो गं आक्का.

तुझी,
शालन